नवं सील टाकलं तरी तेल गळतंच: मिनी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक जॅकचं दुखणं कुठे शोधायचं

पलटी नांगराच्या जॅकचं सील (तेल अडवणारी रिंग) बदलून आणलं, दोन-चार एकर नांगरट झाली आणि रॉडवर, म्हणजे जॅकमधून आत-बाहेर होणाऱ्या दांड्यावर, पुन्हा तेलाचा ओघळ. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेलं, त्याने 'हे सीलचं किटच डुप्लिकेट होतं' म्हणून नवं टाकलं, दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. 15 ते 30 एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरवाल्यांकडून हायड्रॉलिकबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे. मग ट्रॅक्टर द्राक्षबागेतला असो, डाळिंबाचा असो की उसाच्या सरीतला.

किट स्वस्त असतं, म्हणून कोणी डोकं लावत नाही. काढलं, टाकलं, निघाले. पण गुळगुळीत रॉडवर, स्वच्छ तेलात, नीट बसवलेलं सील कित्येक हंगाम हू की चू करत नाही. तेच एका हंगामात दोनदा गेलं, तर सीलला खाणारी वस्तू जॅकमध्येच कुठेतरी बसलेली असते आणि तिसरं किटही ती खाणार. ती वस्तू कशी शोधायची, एवढ्यापुरतंच हे लिहितोय.

आधी दोन गोष्टी जिवाच्या. अवजार जमिनीवर टेकवल्याशिवाय किंवा खाली भक्कम ठोकळा लावल्याशिवाय कुठलाही पाईप सैल करायचा नाही. इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवा, म्हणजे लाईनमध्ये अडकलेलं प्रेशर उतरतं. आणि पाईपची बारीक गळती कधीही हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. सुईएवढ्या भोकातून येणारी तेलाची चिळकांडी कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आत तेल पसरून हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर हळद-चुना लावत बसू नका. तासाभराच्या आत, शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा आणि तेल कातडीत घुसलंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गळतंय नेमकं कुठून?

निम्म्या वेळा इथेच गाडी चुकते. जॅकच्या तोंडाशी तेल दिसलं की 'सील गेलं' असं ठरवून मोकळे होतात. जॅक आधी डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडा करा, चार-पाच वेळा आत-बाहेर चालवा आणि मग बघा. रॉडवरून तेल येत असेल तर ते रॉड सील. ग्लँड (रॉड ज्यातून बाहेर येतो ते झाकण) जिथे बॅरलमध्ये, म्हणजे जॅकच्या नळीत, आट्यांनी बसते त्या सांध्यातून येत असेल तर ग्लँडची ओरिंग (गोल रबरी रिंग). रॉडचं त्याच्याशी देणंघेणं नाही. पाईपच्या बेंजोपाशी (पोकळ बोल्टच्या जोडापाशी) ओलं असेल तर तांब्याचा वॉशर. तो वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा वापरू नये, पण वापरतात. पाईप वरच्या बाजूला चिरलेला असला की तेल त्याच्यावरून वाहत येऊन ग्लँडपाशी थेंबायला लागतं आणि नाव मात्र सीलचं होतं.

रॉडवर तेलाचा अगदी पातळ थर राहणं ठीक आहे, बोट फिरवलं तर जेमतेम चिकट लागेल इतका. रॉड पूर्ण कोरडा राहिला तर उलट सील घासून लवकर जातं. थेंब पडायला लागला किंवा ओघळ आला की मग ती गळती.

उचललेलं ओझं आपोआप खाली येतं, तेव्हा

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

पुढच्या लोडरचा किंवा डोझरचा जॅक दोन्हीकडून तेल घेणारा असतो. बकेट उचलून लिव्हर मधे सोडली आणि बकेट हळूहळू खाली यायला लागली की मिस्त्री सांगतो, 'पिस्टनचं सील गेलंय'. गणित करून बघू. बॅरलचा आतला व्यास 50 मिमी आणि रॉड 30 मिमीचा धरा. रॉड 1 सेंमी आत यायचा तर बुडाच्या बाजूचं सुमारे 19.6 घनसेंमी तेल हलायला हवं. पिस्टनचं सील पूर्ण फाटलंय असं समजा, तरी हे तेल पलीकडे रॉडच्या बाजूला जाणार आणि तिथे जागा होते फक्त 12.6 घनसेंमी, कारण मधली जागा रॉडनेच अडवलेली. उरलेलं 7 घनसेंमी जाणार कुठे? दोन्ही पाईप व्हॉल्व्हने घट्ट बंद असतील तर कुठेच नाही. थोडी बसून बकेट तिथेच थांबायला हवी. ती खाली येतच राहिली, तर तेल एकतर ग्लँडमधून बाहेर पडतंय, म्हणजे डोळ्यांना दिसेल, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (तेलाची वाट बदलणाऱ्या सरकत्या दांड्याशेजारून) टाकीकडे परत जातंय. म्हणून बाहेर गळती नसताना लोडर बसत असेल तर आधी व्हॉल्व्हवर संशय घ्या. जॅक खोलायची घाई नको.

याच गणिताची दुसरी बाजू जास्त कामाची आहे. पिस्टनचं सील गळकं असलं की दोन्ही बाजूंचं प्रेशर एक होतं आणि सगळं ओझं फक्त रॉडच्या जाडीएवढ्या क्षेत्रफळावर येतं. वरच्या मापाच्या जॅकमध्ये हे प्रेशर पावणेतीन पटीच्या घरात जातं आणि ते सोसतं कोण, तर ग्लँडमधलं रॉड सील. बाहेरून दिसतं ते रॉड सीलच, म्हणून तेवढंच बदलतात. आतलं पिस्टन सील जुनंच राहतं आणि नवं रॉड सील पुन्हा मारलं जातं. पुन्हा पुन्हा सील जाणाऱ्या जॅकमध्ये हे प्रकरण नेहमी सापडतं. जॅक खोललाच तर किट पूर्ण टाका: रॉड सील, वायपर (रॉडवरची माती पुसणारी रिंग), पिस्टन सील, गाईड रिंग (रॉड सरळ धरणारी), ओरिंगा, सगळं.

पिस्टन सील तपासायला जॅक खोलावा लागत नाही. रॉड पूर्ण बाहेर काढा, इंजिन बंद करून प्रेशर उतरवा, रॉडच्या बाजूचा पाईप काढून त्याच्या तोंडाला प्लग लावा आणि जॅकच्या उघड्या तोंडाखाली डबा धरा. कोणीही त्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. इंजिन मंद चालवून लिव्हर क्षणभर 'बाहेर'च्या दिशेने दाबा. सुरुवातीला थोडं साचलेलं तेल येईल. नंतरही धार चालूच राहिली तर पिस्टन सील किंवा बॅरल गेलेलं. एक अडचण लक्षात ठेवा: बॅरल मधल्या भागात घासलेलं असेल तर टोकाला ही चाचणी पास होते आणि शेतात जॅक मधेच ढिला पडतो. अशा वेळी खोलून आत बॅटरी मारून बघण्याला पर्याय नाही.

मागच्या लिफ्टचं वेगळं. तीन टोकांच्या लिंकेजची लिफ्ट उचलणारा जॅक बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये सीटखालच्या हाऊसिंगमध्ये असतो. तो फक्त वर ढकलतो, खाली अवजार आपल्या वजनाने येतं. इथे बाहेर गळती दिसत नाही, लक्षणं बघावी लागतात. इंजिन चालू असताना उचललेला रोटाव्हेटर उचकी लागल्यासारखा खाली-वर होतो आणि इंजिन बंद केलं की हळूहळू बसतो. उचकीचं कारण असं: तेल झिरपून लिफ्ट जरा बसली की पोझिशन कंट्रोल (लिफ्ट ठरवलेल्या उंचीवर ठेवणारी यंत्रणा) तिला पुन्हा वर नेतो, पुन्हा झिरपतं, पुन्हा वर. आता पिस्टनची ओरिंग गेली की व्हॉल्व्ह? ज्या ट्रॅक्टरला सीटखाली लिफ्ट उतरण्याचा वेग कमी-जास्त करायची चावी आहे आणि ती पूर्ण आवळल्यावर लिफ्ट जागेवर लॉक होते, तिथे फुकटात कळतं. अवजार उचला, चावी पूर्ण बंद करा, इंजिन बंद करा. लिफ्ट थांबली तर गळती चावीच्या पलीकडे, कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये. तरीही बसत राहिली तर जॅकमध्ये, म्हणजे पिस्टनची ओरिंग, तिला आधार देणारी बॅकअप रिंग, किंवा जॅकवरच सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर तो. लिफ्टचं कव्हर उतरवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. त्याआधी ही पाच मिनिटं द्या.

जुनं सील फेकू नका

मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, 'जुनं सील मला हवंय'. काढताना ते पेचकसने फाडून काढलं असेल तर अर्धा पुरावा गेला, म्हणून तेही बजावून ठेवा. सील पुसून उन्हात धरा आणि बघा.

कडक झालंय, वाकवलं की भेगा पडतात किंवा तुकडा मोडतो: तेल तापतंय. जॅकमध्ये नेहमी मिळणारं काळं नायट्राईल रबर सुमारे 100 अंशांपर्यंत तग धरतं, पण तेल सतत 80 अंशांच्या वर राहायला लागलं की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. तेल तापतं कशाने? बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या हाताने. नांगर पलटला तरी लिव्हर ओढूनच धरलेली, ट्रॉलीचा जॅक टोकाला पोचला तरी लिव्हर वरच. तेवढा वेळ पंपाचं सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (जादा प्रेशर सोडणाऱ्या झडपेतून) दाबाने निसटत असतं आणि त्या घर्षणाची सगळी उष्णता तेलात उतरते. रिलीफ उघडला की किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो आला की लिव्हर सोडायची, एवढी सवय लावली तरी सीलचं आयुष्य वाढतं.

फुगलंय, मऊ पडलंय, बोटाला काळं लागतं: तेल चुकलंय. कमी पडलेल्या तेलात कोणीतरी ब्रेक ऑईल ओतलं, किंवा जॅक डिझेल-पेट्रोलने धुऊन तसाच जोडला. नेहमीचं ब्रेक ऑईल खनिज तेल नसतं, त्यात नायट्राईल सील टिकत नाही. उलट ब्रेकच्या कामाचं ईपीडीएम रबर हायड्रॉलिक तेलात फुगून लोळागोळा होतं. दिसायला दोन्ही काळीच, त्यामुळे डब्यातली मापात बसणारी कुठलीही ओरिंग उचलून लावणं धोक्याचं.

पिवळं, निळं किंवा लाल पॉलियुरेथेनचं सील ठिसूळ होऊन चिवड्यासारखं तुटतंय: तेलात पाणी आहे. पॉलियुरेथेन घासण्याला नायट्राईलपेक्षा कितीतरी चिवट, पण गरम तेलात पाणी असलं की ते आतून विरघळत जातं. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीत चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे आधी तपासा.

प्रेशरच्या उलट्या बाजूची कड कुरतडल्यासारखी दिसते: सील फटीत घुसतंय. याची दोन कारणं. गाईड रिंग झिजल्याने रॉड आणि ग्लँडमधली फट वाढली, किंवा प्रेशर जास्त आहे. छोट्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक साधारण 140 ते 180 किलो प्रति चौरस सेंमीच्या आसपास सेट असतं, नेमका आकडा आपल्या पुस्तिकेत बघा. 'उचलत नाही' म्हणून कोणी रिलीफच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर वाढवलेलं असतं. उचल वाढते हे खरं, पण मग सील, पाईप आणि पंप पाळीपाळीने जातात. प्रेशर गेजशिवाय रिलीफला हात लावणाऱ्या माणसाला मी ट्रॅक्टर देत नाही.

एकाच बाजूने झिजलंय, दुसरी बाजू नवीसारखी: रॉड वाकलाय किंवा ओझं तिरकं येतंय.

आतल्या ओठावर (रॉडला टेकणाऱ्या कडेवर) एकाच जागी उभी चीर: रॉडवर ओरखडा आहे, किंवा बसवतानाच कापलं गेलं. नवं जोडल्या जोडल्या गळायला लागलं असेल तर बसवतानाचं, थोडं चालून गळायला लागलं तर रॉडचं. पूर्ण गोलाईभर बारीक रेघा असतील तर तेलात कचरा.

ओठ जळल्यासारखा काळा, खड्डे पडलेला: जॅकमध्ये हवा अडकली होती. हवेचा बुडबुडा एकदम दाबला गेला की इतका तापतो की तेलाच्या वाफेचा भडका उडतो, डिझेल इंजिनमध्ये होतं तसा. जॅक जोडल्यावर हवा न काढता लगेच ओझं उचललं की हे होतं.

रॉड

माझ्या अंदाजाने परत परत जाणाऱ्या सीलमागे निम्म्याहून अधिक वेळा रॉडच असतो. आणि तोच कोणी बघत नाही, कारण लांबून तो चकचकीत दिसतो.

रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, साधारण 20 ते 30 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीइतकाही नाही. रॉड पूर्ण बाहेर काढा, फडक्याने पुसा आणि नख लांबीच्या दिशेने आणि मग गोल फिरवून ओढा. नख अडकलं तिथे सील कापलं जातं. नखाला न कळणारे खड्डे कापसाला कळतात. कापसाचा बोळा रॉडवरून फिरवा, जिथे तंतू अटकून राहतील तिथे बघा. गंजाचे बारीक तपकिरी ठिपके दिसले तर ते वरचे समजू नका. क्रोमच्या थराला मुळातच सूक्ष्म भेगा असतात. त्यांतून ओल आणि मीठ आत जातं, खालचं लोखंड गंजून फुगतं आणि क्रोमचा पापुद्रा उचलला जातो. त्या पापुद्र्याची कड ब्लेडसारखी असते.

द्राक्षपट्ट्यात हे जरा जास्तच. बोर्डोच्या फवारणीत मोरचुदाचं पाणी आणि चुना ब्लोअरमधून सगळ्या ट्रॅक्टरवर बसतो. चुना रॉडवर वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो आणि मोरचूद उघड्या लोखंडाला खातो. खतांचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराईड असल्याने मिठासारखंच गंज चढवतं, त्यामुळे खताची पोती वाहणाऱ्या ट्रॉलीचा रॉड लवकर ठिपके धरतो. फवारणीनंतर रॉड साध्या पाण्याने पुसून त्यावर तेलाचा बोळा फिरवायला दोन मिनिटं लागतात. आणि ट्रॅक्टर उभा करताना रॉड आत घेऊन उभा करा. आत गेलेला रॉड तेलात असतो, त्याला गंज शिवत नाही. पावसाळाभर पलटी नांगर शेडबाहेर रॉड काढून पडलेला असतो आणि पुढच्या नांगरटीला सील गेलं म्हणून सगळे हळहळतात.

आणखी दोन चोर. एक वेल्डिंग. फाळ किंवा फ्रेमला वेल्डिंग मारताना ठिणग्यांचे दाणे रॉडवर चिकटतात, आणि अर्थिंगची क्लिप दूर कुठेतरी लावली की करंट जॅकच्या पिनमधून जाऊन रॉडवर खड्डे पाडतो. वेल्डिंग करायचं तिथेच, जॅकच्या अलीकडे अर्थिंग लावा आणि रॉड ओल्या गोणपाटाने झाका. दुसरा चोर रंग. दसऱ्याला ट्रॅक्टर देखणा दिसावा म्हणून स्प्रे मारणारा रॉडवरूनही फवारा फिरवतो. वाळलेला रंग वायपरखाली जाऊन त्याच्या पापड्या सीलमध्ये शिरतात.

रॉडचं करायचं काय? ओरखड्याची उचललेली कड असेल तर बारीक ऑईल स्टोनने ती बसवा आणि मग 600 नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून गोल फिरवत घासा. लांबीच्या दिशेने घासू नका, उभ्या रेघा म्हणजे तेलाला बाहेर यायचे पाट. एखादाच खोल खड्डा असेल तर इपॉक्सी भरून, वाळल्यावर समपातळीत घासून हंगाम निघतो, त्यापुढचं वचन देता येत नाही. ठिपके जागोजाग असतील तर रॉड ग्राइंड करून पुन्हा हार्ड क्रोम करायचा किंवा नवा रॉड लावायचा. भोसरी, सातपूर, शिरोली अशा एमआयडीसींच्या आसपास ही कामं होतात. क्रोम केलेला ईएन-8 किंवा सीके-45 पोलादाचा रॉड लांबीवर विकत मिळतो, टर्नर आटे काढून डोळा (पिन बसायचं टोकाचं कडं) वेल्ड करून देतो. छोट्या जॅकला बरेचदा हाच मार्ग परवडतो. दरवर्षी दोन किट, तेल आणि ऐन नांगरटीत गेलेले दिवस यांची बेरीज स्वतः करा.

रॉड सरळ आहे का हे लेथवर धरून डायल गेज लावला की लगेच कळतं. ती सोय नसेल तर दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवून हळू फिरवा आणि शेजारी धरलेल्या पट्टीशी फट कमी-जास्त होते का ते बघा. रॉड वाकला नसला तरी पिना आणि बुश झिजले की ओझं तिरकं येतं. पलटी नांगराच्या जॅकच्या पिनांना ग्रीस बसत नाही, कारण निप्पल मातीने बुजलेली असते. डोळा पिनेभोवती मोकळा फिरायला हवा. तो जाम झाला की पलटताना रॉडच वाकायला बघतो.

तेल आणि दुसऱ्याचं अवजार

कपलर, म्हणजे अवजाराचे पाईप ट्रॅक्टरला लावायचा जोड, हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पलटी नांगर गावात एकाचा असतो आणि तो पाच ट्रॅक्टरना लागतो. नांगराच्या जॅकमध्ये मागच्या ट्रॅक्टरचं तेल आणि त्यातला कचरा भरलेला असतो, कपलर जोडला की तो तुमच्या टाकीत. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच, म्हणजे गिअरचा लोखंडी कीस आधीच त्यात फिरतोय, वरून पाहुण्याचा माल. वर कपलर टोपणाविना मातीत लोळलेला. जोडायच्या आधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसा, टोपणं हरवली असतील तर नवी घ्या. अवजार भाड्याने आणणाऱ्यांनी फिल्टर पुस्तिकेतल्या तासांच्या आधीच बदलावा, असं माझं मत आहे. सील फाटल्यावर तर फिल्टर बदलायलाच हवा, कारण रबराचे तुकडे तेलातच असतात.

तेल दुधाळ दिसलं तर पाणी आहे हे उघड. थोडंसंच पाणी असलं तर रंगावरून कळत नाही. जुना तवा तापवून, आचेपासून बाजूला घेऊन त्यावर दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी. हे घराबाहेर करा आणि तोंड लांब ठेवा. पाणी येतं ते गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून, ब्रीदरमधून (टाकीला हवा लागायच्या भोकातून) आणि वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्यातून. प्रेशरचं पाणी ग्लँडवर थेट मारू नये, वायपर बाहेरची माती अडवायला असतो, तो फवाऱ्यापुढे टिकत नाही. दुधाळ तेलावर नवं तेल ओतून उपयोग नाही, सगळं काढावं लागतं.

किट घेताना आणि बसवताना

पार्ट नंबर असेल तर प्रश्न नाही. लोकल अवजाराला नंबर नसतो, मग व्हर्निअर (अचूक मोजपट्टी) घेऊन रॉड, बोअर (बॅरलचा आतला व्यास) आणि खाचेची रुंदी-खोली मोजा. इंच आणि मिलिमीटरची गल्लत इथे होते. सव्वा इंची रॉड 31.75 मिमी भरतो आणि दुकानदार 32 चं सील देतो. 2 इंची बोअर 50.8 मिमी, त्यात 50 चं पिस्टन सील बसतं, पण धरत नाही. जुन्या सीलवर माप ठेवून नवं घेऊ नका, फुगलेल्या सीलचं माप खोटं असतं. दुकानाबाहेर उन्हात टांगलेलं किटही नको. ओरिंग दुमडून बघा, पृष्ठभागावर बारीक भेगा उमटल्या तर परत द्या.

बसवताना दिशा बघा. रॉड सीलचा ओठ आत, तेलाकडे. वायपरचा ओठ बाहेर, मातीकडे. बॅकअप रिंग प्रेशरच्या उलट्या बाजूला. कडक पॉलियुरेथेन सील कोमट तेलात थोडा वेळ ठेवलं की नरम होतं, मग काजूच्या आकारात दुमडून बोटांनी खाचेत सोडा. पेचकस नको, लागलंच तर टोकं घासून गोल केलेली प्लास्टिकची पट्टी घ्या. रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळून मगच ग्लँड चढवा. पिस्टन बॅरलमध्ये ढकलताना पाईपच्या भोकाची कड सील कापते, ती आधीच पॉलिश पेपरने मारून घ्या. सगळ्याला तेच हायड्रॉलिक तेल लावा. घासायची सगळी कामं झाल्यावर बॅरल धुऊन पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत.

जोडल्यावर ओझं न लावता, इंजिन मंद ठेवून जॅक आठ-दहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा, टोकाला न आपटता. तेलाची पातळी सगळे जॅक आत घेतलेले असताना बघायची. ट्रॉलीचा लांब जॅक बाहेर असताना पातळी कमी दिसते म्हणून तेल ओततात, मग जॅक आत आला की ते ब्रीदरमधून वर येतं आणि 'सील परत गेलं' म्हणून फोन येतो.

बॅरल आतून खरवडलं असेल, बोट फिरवल्यावर उभी नाळ लागत असेल, तर होनिंग करून (आतून दगडाने घासून) हलकी रेघ जाते, खोल नाळ जात नाही. होनिंगने बोअर वाढला की मापाचं सीलही बदलावं लागतं. अशा जॅकला मी नवं बॅरल किंवा थेट नवा जॅक घ्यायला सांगतो. जुन्या जॅकची लांबी मोजताना पूर्ण बंद असतानाची, पूर्ण उघडा असतानाची आणि पिनेच्या भोकाची मापं लिहून न्या. रॉडची जाडी जुन्यापेक्षा कमी घेऊ नका.